पत्ता नसलेले पुस्तक

गेल्या दिवाळीत तळेगावला गेलो होतो. तळेगाव म्हणजे आमचे तळेगाव श्यामजी पंत. महाराष्ट्रात तळेगावे पुष्कळ, त्यामुळे आमच्या गावाचे नाव असे पुरते सांगावे लागते. वर्धा जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात, नागपूर-अमरावती महामार्ग आणि आर्वीहून आष्टीकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना कापतात, तिथे हे गाव आहे. एस. टी.चे आगार, चहाच्या टपऱ्या, मोसमात संत्र्यांचे ढीग आणि दिवसरात्र वाहणारा रस्ता.

फराळाचे ताट समोर होते. पुतण्याचा मुलगा, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, शेजारी येऊन बसला आणि मोबाइल माझ्यापुढे धरून हळूच म्हणाला, "आबाजी, हे खरं असते का हो?"

पडद्यावर एका जुन्या पुस्तकाची छायाचित्रे होती. वशीकरण, गुप्तधन, शत्रूचा नाश, सापाचे विष उतरवणे. कुणीतरी एकेक पान टिपून ते पुस्तक चहूकडे पाठवून दिले होते. मी चष्मा लावला आणि मागे मागे सरकत पहिल्या पानाशी आलो. त्या पानावर आकडा होता नऊ.

"याच्या आधीची आठ पानं कुठं गेली?" मी विचारले.

"ते कायले पाहिजे, आबाजी? त्याच्यात काही नसते."

शंकरपाळ्याकडे गेलेला माझा हात तिथेच थांबला. त्या आठ पानांत काय असते, हे मला त्याला सांगायचे होते. त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेले होते, राहून गेले. म्हणून हा लेख.

कंदिलाच्या उजेडात

१९७१ सालचा श्रावण. मी तेरा वर्षांचा होतो. आमची संत्र्याची बाग होती आणि बागेवर एक सालदार होता. त्याचा मोठा मुलगा माझ्याच वयाचा. आम्ही एकाच वर्गात बसायचो, पण त्या वर्षी पेरणीपासून तो शाळेत यायचा थांबला होता. एके दिवशी संध्याकाळी धुऱ्यावर गवत कापताना त्याच्या पायाला साप चावला. साप दिसला तो फक्त त्याला, आणि तोही शेपटीकडून.

त्याला आमच्या ओसरीवर आणून निजवले. आणायचे कारण असे, की माझ्या आजोबांकडे, आबाजींकडे, एक पुस्तक होते. कुठल्याशा जत्रेत घेतलेले, लाल पुठ्ठ्याचे, पातळ कागदाचे. देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ते फडक्यात बांधून ठेवलेले असे. विंचू उतरवायला गावातले लोक आबाजींकडे येत. आबाजींनी त्याचा एक पैसा कधी कुणाकडून घेतला नाही. भोंदूपणा त्यांच्या अंगात नव्हता. गावात कुणाचे अडले तर आधी उठून जाणाऱ्यांपैकी ते होते. हे मुद्दाम सांगतो, कारण या विषयावर लिहिताना आपण एक खलनायक उभा करतो आणि मोकळे होतो. आमच्या ओसरीवर त्या रात्री खलनायक कुणीच नव्हता.

कंदिलाच्या उजेडात आबाजींना अक्षरे दिसेनात. ते मला म्हणाले, "बापू, तू वाच."

मंत्र एकशेआठ वेळा म्हणायचा होता. पाण्याचा लोटा जवळ ठेवायचा, दर आवर्तनाला त्यावर फुंकर घालायची आणि शेवटी ते पाणी पाजायचे. माझे वाचन चांगले होते. इतकी माणसे जमलेली असताना आपल्याला वाचायला सांगितले, याचा मला थोडा अभिमानही वाटला होता. तेही लपवत नाही. सुरुवातीला तो मुलगा बोलत होता, माझ्याकडे पाहून हसलाही. साठेक आवर्तने झाली असतील, तेव्हा त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या. "झोप येऊन राहिली," तो म्हणाला. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणाले, गुण येतो आहे, विष उतरते आहे. मी आणखी मन लावून वाचू लागलो.

नाग किंवा मण्यार यांच्यासारख्या सापाच्या विषाने स्नायू लुळे पडतात आणि त्याची पहिली खूण म्हणजे पापण्या मिटू लागणे, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळले. आम्ही ज्याला गुण समजत होतो, ते विष चढत होते. त्याची जीभ अडखळू लागली, तेव्हा त्याच्या बापाने त्याला खांद्यावर टाकले आणि रस्त्याकडे धाव घेतली. एका ट्रकवाल्याने गाडी थांबवली. दवाखाना येण्याआधीच पोरगा गेला.

तेरवी झाल्यावर सालदार कामावर आला. मी विहिरीपाशी होतो. तो जवळ आला आणि अगदी शांतपणे त्याने मला विचारले, "बापू, तू बराबर वाचलं होतं ना?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. मला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री मी ते पुस्तक पुन्हा काढले. मंत्राच्या सुरुवातीला काही सूचना होत्या. त्यांतल्या एकीचा अर्थ असा, की मंत्राचा गुण आला नाही तर म्हणणाऱ्याच्या उच्चारात दोष आहे किंवा त्याच्या श्रद्धेत उणीव आहे असे समजावे. म्हणजे दोष माझा. तरी वाटले, एकदा विचारून पाहावे. प्रकाशकाला पोस्टकार्ड लिहावे, की मी अमुक शब्द असा म्हटला, तो बरोबर होता का? म्हणून पत्ता शोधू लागलो. पहिल्या पानावर पुस्तकाचे नाव होते. दुसऱ्या पानावर एकच ओळ होती, सर्व हक्क प्रकाशकाच्या स्वाधीन. प्रकाशकाचे नाव नव्हते, गाव नव्हते, छापखाना नव्हता, सालही नव्हते.

हक्क सांगायला प्रकाशक होता. जाब विचारायला कुणी नव्हते.

एक जुना कायदा

पुढे मी मराठीचा शिक्षक झालो. शाळेच्या ग्रंथालयाचे कामही बरीच वर्षे माझ्याकडे होते. पुस्तक हाती आले की ते उलटून आधी मुखपृष्ठामागचे पान पाहायचे, ही सवय सहकाऱ्यांना चमत्कारिक वाटायची. त्या सवयीचे मूळ मी त्यांना कधी सांगितले नाही.

त्याच काळात मला कळले, की त्या पानामागे एक कायदा आहे. इंग्रजांनी १८६७ साली छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण, तसेच प्रकाशकाचे नाव आणि प्रकाशनाचे ठिकाण स्पष्ट असले पाहिजे, असे त्याने बंधन घातले. सरकारचा हेतू अर्थातच लोकांवर लक्ष ठेवण्याचा होता. १८५७ नंतरचे ते दिवस होते. पण वाचकाचा त्यात एक फायदा झाला. छापलेल्या शब्दामागे कुणीतरी उभे असले पाहिजे, हे तत्त्व रूढ झाले. आमचे लाल पुस्तक त्या कायद्याप्रमाणेही बेकायदाच होते.

हा कायदा २०२३ साली मोडीत निघाला आणि नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला. नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे. पुस्तके त्यातून वगळली गेली. चांगले प्रकाशक जुन्या रिवाजाप्रमाणे नाव-पत्ता छापतातच आणि छापत राहतील. पण जो छापणार नाही, त्याला विचारायला तो दीडशे वर्षांचा नियम आता नाही. आणि मोबाइलवरून फिरणाऱ्या पुस्तकाला तर पहिली आठ पानेच नसतात. तेव्हा हे पाहण्याचे काम आता आपल्यावर आले आहे.

मंत्र तोच, पुस्तके दोन

इथे कुणी म्हणेल, मास्तर, जादूटोण्याचे पुस्तक ते जादूटोण्याचेच. त्याला नाव-पत्ता असला काय आणि नसला काय?

फरक पडतो. सापाचे विष उतरवण्याची सूक्ते अथर्ववेदातही आहेत. शंकर पांडुरंग पंडित यांनी सायणभाष्यासह संपादिलेला अथर्ववेद मुंबई सरकारने १८९५ ते १८९८ या काळात प्रसिद्ध केला. पंडित मराठी माणूस. छपाई पुरी होण्याआधीच, १८९४ साली, ते गेले. पुढे श्रीपाद दामोदर सातवळेकरांनी आपल्या स्वाध्याय मंडळातर्फे अथर्ववेद अर्थासह लोकांपर्यंत पोहोचवला. या ग्रंथांत ती सूक्ते वाचताना मला आमची ओसरी आठवते. हजारो वर्षांपूर्वीही कुणीतरी अशाच एखाद्या पोराच्या उशाशी बसले असेल आणि हातात दुसरे काहीच नाही म्हणून शब्दांनाच विनवीत असेल. त्या माणसाची कीव येत नाही, आपुलकी वाटते. पण म्हणून कुणी सर्पदंशाच्या रुग्णापुढे तो ग्रंथ उघडून बसत नाही. कारण हा प्राचीन ग्रंथ आहे, त्याचे पाठ असे आहेत, त्यावर अमक्याचे भाष्य आहे, हे ग्रंथच आपल्याला सांगतो. तेच शब्द बिननावाच्या पुस्तिकेत गेले, की औषधाची चिठ्ठी होतात.

तंत्रग्रंथांचेही तेच. बडोद्याची गायकवाड प्राच्य ग्रंथमाला १९१६ साली सुरू झाली. तिच्यात बौद्ध तंत्रातला 'साधनमाला' हा ग्रंथ विनयतोष भट्टाचार्य यांनी दोन भागांत, १९२५ आणि १९२८ साली, प्रसिद्ध केला. एका संस्थानिकाच्या पैशाने मंत्रतंत्राचा ग्रंथ छापला गेला, पण तो हस्तलिखिते ताडून, प्रस्तावनेसह. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात तंत्रांचा परामर्श घेतला, तो ग्रंथ पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढला. रा. चिं. ढेरे यांनी नाथ संप्रदाय, दत्त संप्रदाय, लज्जागौरी यांवर लिहिले. ज्याला या गूढ जगाविषयी खरे कुतूहल आहे, त्याने या दारांनी आत जावे. आत पुष्कळ काही आहे, आणि दारावर पाटी आहे.

श्रद्धेने छापणाऱ्यांनाही मी यातून वगळत नाही. मुंबईच्या खेमराज श्रीकृष्णदास यांच्या श्रीवेंकटेश्वर छापखान्याने महीधराचा 'मंत्रमहोदधि' छापला. सोळाव्या शतकातला हा मंत्रशास्त्राचा ग्रंथ. त्यात शांतीकर्म आहे तसे मारण-उच्चाटनही आहे. मला त्यातले पुष्कळ पटत नाही. पण ग्रंथ कुणाचा, टीका कोणती, छापला कुणी आणि कुठे, हे त्यावर आहे. न पटल्याचे पत्र कुठे पाठवायचे ते मला ठाऊक आहे. माझी कसोटी प्रकाशक श्रद्धाळू की नास्तिक ही नाही. तो आपल्या पुस्तकामागे उभा आहे की नाही, एवढीच आहे.

गुप्त आणि बेवारस

"पण आबाजी, ही विद्या गुप्त असते. म्हणून नाव देत नाहीत," असे आमचा मुलगा म्हणेलच. त्याचे उत्तर आमच्या भागातच आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, महानुभावांचे मोठे क्षेत्र. महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. बाहेरच्याला ते वाचता येत नसत आणि न वाचता येणाऱ्या ग्रंथांबद्दल लोक वाटेल ते बोलत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली. मग यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, वि. भि. कोलते अशा विद्वानांनी हे वाङ्मय आपापल्या नावानिशी लोकांपुढे आणले. 'लीळाचरित्र' हा मराठीतला आद्य गद्य ग्रंथ आपल्याला असा मिळाला. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहते आहे.

म्हणजे गुप्त ग्रंथालाही परंपरा असते, जपणारे असतात, संपादक असतात. बिननावाची पुस्तिका गुप्त नसते. ती बेवारस असते.

आणि हे दुखणे आपल्याच देशाचे आहे असेही नाही. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात खेडोपाडी फिरणारे फेरीवाले 'पेती अल्बेर' नावाचे जादूचे पुस्तक विकत. त्यावर ल्यों शहरातल्या एका प्रकाशकाचे नाव असे, ते बनावट. त्याच्या उलट उदाहरण इंग्लंडचे. १५८४ साली रेजिनाल्ड स्कॉट या केंट परगण्यातल्या गृहस्थाने चेटकिणींवरच्या आरोपांचा समाचार घेणारे पुस्तक स्वतःच्या नावाने काढले. गरीब म्हाताऱ्या बायांचे छळ होत होते, ते थांबावेत म्हणून त्याने त्यात हातचलाखीचे खेळ कसे करतात तेही उघड करून सांगितले. एकाला नाव लपवावेसे वाटले, दुसऱ्याला मिरवण्यासारखे काही नसतानाही सांगावेसे वाटले.

निवडायचे कसे?

ग्रंथालयासाठी पुस्तके घेताना मी काही साध्या गोष्टी पाहायचो. घरी पुस्तक घेणाऱ्यालाही त्या उपयोगी पडतील.

पहिली, नाव, पत्ता, साल आणि आवृत्ती. हे नसेल तर पुस्तक खाली ठेवावे, पुढचे काही पाहू नये. मागच्या बाजूला तेरा आकडी आयएसबीएन असला म्हणजे पुस्तक प्रमाण झाले, असे मात्र समजू नये. तो क्रमांक पुस्तक ओळखण्यापुरता असतो. आतला मजकूर कुणी तपासून तो दिलेला नसतो.

दुसरी, मूळ कुठले? 'प्राचीन ऋषींनी सांगितलेले' एवढ्याने भागत नाही. कोणता ग्रंथ, कोणती प्रत, अनुवाद कुणाचा, हे प्रस्तावनेत असले पाहिजे. ज्याने खरेच मेहनत केली आहे, त्याला ती सांगावीशी वाटतेच.

तिसरी, भाषा पाहावी. 'असे मानीत असत' आणि 'असे करा, गुण येतो' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आणि 'गुण न आल्यास दोष तुमचा' हे वाक्य दिसले, की समजावे या पुस्तकाने पळवाट आधीच बांधून ठेवली आहे.

चौथी, शेवटची पाने. तिथे ताईत, अंगठी, कवच, तेल यांची विक्री असेल, तर आधीचे सगळे पुस्तक ही त्या मालाची जाहिरात आहे. मंत्र, ताईत, कवच यांनी रोग बरे होतात अशा जाहिराती करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हेही लक्षात ठेवावे.

पाचवी, त्या प्रकाशकाची इतर पुस्तके. माणूस जसा त्याच्या संगतीवरून कळतो, तसा प्रकाशक त्याच्या यादीवरून कळतो. आणि प्लास्टिकमध्ये बंद केलेले, उघडून पाहू न देणारे 'दुर्मिळ' पुस्तक कधीही घेऊ नये.

हातचलाखीच्या जादूची पुस्तके मात्र मुलांना जरूर द्यावीत. महाराष्ट्राने जादूगार रघुवीरांचे प्रयोग डोळे विस्फारून पाहिले आहेत. टोपीतून कबूतर काढणारा माणूस ते टोपीत कुठे होते हे जाणून असतो, आणि चांगले पुस्तक ते मुलाला सांगते. असा मुलगा पुढे कुणाच्या हातातून निघालेल्या अंगाऱ्याने सहसा फसत नाही.

बंदी की निवड?

माझे काही मित्र म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? सगळी होळीत टाका. त्यांचा राग मी समजू शकतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. अनुसूचीतले ते कलम मी वाचले, तेव्हा वर्तमानपत्र खाली ठेवून बराच वेळ गप्प बसलो होतो.

हा कायदा पुस्तकांपर्यंतही जातो. अशा अघोरी कृत्यांचा प्रसार म्हणजे काय हे सांगताना त्यात जाहिरात, साहित्य, लेख आणि पुस्तक प्रसिद्ध करणे यांचा उल्लेख आहे. पण त्याच कायद्याने प्राचीन विद्या आणि कला यांचे शिक्षण, कीर्तन-प्रवचन, दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन हे सारे बाहेर ठेवले आहे. मला ही विभागणी शहाणपणाची वाटते. ग्रंथ आणि गुन्हा यांत तिने फरक केला.

सरसकट बंदीने काय होईल? अथर्ववेद, मंत्रमहोदधि, लोककथा हे सगळे अभ्यासकाच्या हातून जाईल, आणि बेवारस पुस्तिका मात्र राहील. तिला पत्ताच नाही, मग तिच्या दारावर नोटीस कुठे डकवणार? २०२१ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना खांबाला बांधून मारले गेले. कायदा होऊन आठ वर्षे झाली होती. कायदा हवाच. पण तो गुन्हा घडल्यावर येतो. घरात कोणते पुस्तक यावे, हे त्याच्या आधी आपण ठरवायचे असते.

दाभोलकरांनीही पुस्तके जाळली नाहीत, लिहिली. 'तिमिरातुनी तेजाकडे' हे त्यांचे पुस्तक राजहंस प्रकाशनाने काढले, नावानिशी. तळेगावहून अमरावतीकडे निघाले की तिवसा ओलांडल्यावर मोझरी लागते. तिथल्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगावच्या भोळ्या समजुतींवर भजनांतून आणि 'ग्रामगीते'तून प्रहार केले. देव मानणारा हा संत. हा रस्ता आमच्या दारावरून जातो. आमच्या आबाजींना जत्रेतल्या लाल पुस्तकाऐवजी या रस्त्यावरचे पुस्तक आधी मिळाले असते तर, असे कधीकधी मनात येते.

मंत्राने साप उतरतो असे लोकांना का वाटते, तेही मी पुढे वाचून समजून घेतले. शेतातले बहुतेक साप बिनविषारी, धामण, दिवड यांसारखे. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेली बरीच माणसे बरी होतात, ती तशीही झाली असती. मंत्राचे नाव होते. ज्याला नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे नीट चावले, त्याला प्रतिविषाखेरीज दुसरे औषध नाही, आणि त्याला प्रत्येक मिनिट मोलाचे असते. एकशेआठ आवर्तनांना किती मिनिटे लागतात, हे मला चांगले माहीत आहे.

दिवाळी आटोपून निघताना पुतण्याचा मुलगा मला महामार्गापर्यंत सोडायला आला. गाडीला वेळ होता. म्हटले, ते तुझे पुस्तक अजून आहे का? तो ओशाळून म्हणाला, आहे. मी त्याला एवढेच सांगितले, की हे ज्याने छापले त्याचे नाव आणि गाव शोधून काढ. सापडले, तर आपण दोघे मिळून त्याला पत्र लिहू आणि तुझा प्रश्न त्यालाच विचारू. नाही सापडले, तर पुसून टाक.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "आबाजी, लय शोधलं. नाही सापडलं. पुसलं मी."

सालदार आज हयात नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी तेव्हा फार लहान होतो, आणि मोठा झालो तेव्हा धीर झाला नाही. आज ते लिहून ठेवतो. होय, मी बराबर वाचले होते. एकेक अक्षर बराबर वाचले होते.